तिकीट आणि बिदागी

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही घरातले चौघे हिंदी चित्रपटसंगीताच्या एका मोठ्या रजनीला गेलो होतो. संगणकावर तिकिटं काढायला बसलो तेव्हा पडद्यावर एक किंमत दिसत होती. शेवटच्या बटणापाशी पोचेपर्यंत तिला सर्व्हिस फी, फॅसिलिटी फी, प्रोसेसिंग फी अशी पोरंबाळं झाली होती. पार्किंग वेगळं. एवढं करून आमच्या खुर्च्या इतक्या उंचावर होत्या की गायक अंगठ्याएवढा दिसत होता. शेवटी सगळा कार्यक्रम आम्ही स्टेजच्या बाजूच्या पडद्यावरच पाहिला. परतताना गाडीत आमचे हे म्हणाले, "घरी टीव्हीवर याहून जवळून दिसले असते."

खोटं कशाला बोलू, मला मजा आली. पंधरा हजार लोक एकाच वेळी तेच गाणं म्हणायला लागले की अंगावर काटा येतोच. गायकही मनापासून गायले, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण त्यानंतर दोनच आठवड्यांनी आमच्या छोट्या बैठकीत वीस डॉलर देऊन तीस-पस्तीस जणांत बसून मारवा ऐकला. गायिका समोर आठ फुटांवर होती. तिने श्वास कुठे घेतला तेसुद्धा ऐकू येत होतं. त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात घोळतो आहे. गाण्यासाठी किती पैसे द्यावेत हा त्याचा सोपा भाग आहे. ते पैसे कुणाकडे जावेत आणि आपण नक्की कशाचे देतो, हा अवघड भाग. यंदाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने तो तुमच्यापुढे मांडते आहे.

माझं बालपण गिरगावात गेलं. गणपतीच्या दिवसांत मोठमोठे गवई चाळीच्या चौकात किंवा गल्लीत उभारलेल्या मांडवात गायचे आणि आम्ही पोरं रस्त्यावर वर्तमानपत्र पसरून बसायचो. झोप आली की तिथेच आईच्या मांडीवर आडवं व्हायचं. तेव्हा वाटे, गाणं हे पावसासारखं फुकट असतं. गवयाच्या बिदागीसाठी दारोदार वर्गणी मागत फिरणारी काका मंडळी मी पाहिली होती. पण ती वर्गणी आणि ते गाणं यांचा संबंध लहान वयात कोण लावतो? आज 'पूर्वी सगळं कसं फुकट होतं' असं कुणी म्हणालं की मला ती पावतीपुस्तकं आठवतात. गाणं तेव्हाही फुकट नव्हतं. खर्च सगळ्यांत वाटलेला होता, एवढंच.

आणि तिकिटाला शिव्या देण्याआधी थोडा इतिहासही आठवायला हवा. गवई संस्थानिकांच्या पदरी असत तेव्हा गाणं ऐकायला पैसे पडत नसत हे खरं, पण दरबारात बोलावणं असावं लागे. सामान्य माणसाला तिथे कोण विचारतो? विष्णू दिगंबर पलुसकरांनी १८९७ मध्ये सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर मैफल केली. तसं करणारे ते पहिल्यांपैकी एक. आज ती साधी गोष्ट वाटते, पण त्या काळात ती क्रांतीच होती. चार पैसे देईल तो आत येईल. राजाची मर्जी नको, सरदाराची ओळख नको. पुढे १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि भास्करबुवा बखल्यांनी १९११ मध्ये पुण्यात, आज भारत गायन समाज म्हणून ओळखली जाणारी संस्था उभी केली. दरबारातलं गाणं रस्त्यावरच्या माणसापर्यंत आणण्यात तिकिटाचा वाटा मोठा आहे.

चढ्या दराची तिकिटंही आपल्याला नवीन नाहीत. १९२१ मध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या नायकांनी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान' केलं. लोकांनी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजले आणि आनंदाने मोजले, कारण ते कशासाठी आहेत हे प्रत्येकाला ठाऊक होतं. पुढे १९५३ मध्ये भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. तिथेही पुढे खुर्च्या आणि मागे भारतीय बैठक अशी विभागणी आली. पण सतरंजीवरचं साधं तिकीट काढून आलेला विद्यार्थी रात्र-रात्र तेच गाणं ऐकून घरी जायचा.

मग बिघडलं कुठे? माझ्या मते बिघाड दोन ठिकाणी झाला. एक म्हणजे तिकिटाचे पैसे आणि कलाकाराची बिदागी यांच्यामध्ये इतके हात आले की या टोकाला त्या टोकाचं काही दिसेनासं झालं. आणि दुसरं, किंमत ही गाळणी झाली. खर्च भागवण्यासाठी किंमत ठरवणं वेगळं आणि 'हा माणूस जास्तीत जास्त किती देऊ शकेल' हे हेरून ठरवणं वेगळं. आता विमानाच्या तिकिटासारखी गाण्याच्या तिकिटाचीही किंमत मागणीप्रमाणे मिनिटामिनिटाला चढते.

हे भांडण अमेरिकेत जुनं आहे. पर्ल जॅम या तेव्हाच्या अत्यंत लोकप्रिय रॉक बँडने १९९४ मध्ये तिकीटमास्टर कंपनीविरुद्ध न्याय खात्याकडे तक्रार केली. त्यांचं म्हणणं साधं होतं: आमचं तिकीट वीस डॉलरच्या आत राहू द्या, वरची फी आटोक्यात ठेवा. काँग्रेससमोर त्यांच्या साक्षी झाल्या. पुढच्या वर्षी न्याय खात्याने चौकशी गुंडाळली. २०१० मध्ये तीच तिकीटमास्टर आणि कार्यक्रम भरवणारी लाइव्ह नेशन या दोन कंपन्या एक झाल्या. म्हणजे दौरा आखणारा, अनेक ठिकाणी सभागृह चालवणारा आणि तिकीट विकणारा एकच. नोव्हेंबर २०२२ मध्ये टेलर स्विफ्टच्या तिकिटविक्रीत जो गोंधळ झाला तो तुमच्या घरातल्या मुलींनी तुम्हाला ऐकवला असेलच. मे २०२४ मध्ये न्याय खात्याने आणि अनेक राज्यांनी या कंपनीवर मक्तेदारीचा खटला भरला. मे २०२५ पासून निदान एवढं झालं, की सगळ्या फीसकट पूर्ण किंमत आधीच दाखवणं नियमाने बंधनकारक झालं. पोरंबाळं तशीच राहिली, फक्त आता ती पहिल्यापासून समोर उभी असतात.

भारतातही वेगळं नाही. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले. मूळ तिकिटं अडीच हजार रुपयांपासून होती, लाउंजची पस्तीस हजारांची. पण ती मिनिटांत संपली आणि परत विकणाऱ्यांनी लाखांच्या किमती लावल्या. माझ्या भाच्याने महिन्याच्या पगाराएवढे पैसे घातले. त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण ज्याने ते तिकीट त्याला विकलं, त्याने ना सूर लावला, ना मांडव घातला.

या सगळ्याला दुसरा मार्ग आहे हे मला माझ्या मुलाने दाखवलं. २००१ ची गोष्ट. तो सतरा वर्षांचा होता आणि ड्रम्स वाजवायचा. एका संध्याकाळी तो मला वॉशिंग्टनमधल्या फोर्ट रीनो पार्कमध्ये घेऊन गेला. शहरातल्या सगळ्यात उंच जागेवरचं हे जुनं लष्करी ठाणं. तिथे उन्हाळ्यात गावातले बँड गवतावर फुकट कार्यक्रम करायचे. स्टेज म्हणजे लाकडी चौथरा. लोक चादरी पसरून बसलेले, लहान मुलं धावताहेत, कुत्री भुंकताहेत. वाजत होतं ते मला कर्कश वाटलं, हेही सांगून टाकते. पण चादरी पाहून गिरगाव आठवलं. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा चिरंजीवांना वाटलं, आवाजाचा त्रास झाला.

परतताना त्याने मला फुगाझी या वॉशिंग्टनच्याच बँडची गोष्ट सांगितली. १९८७ ते २००२ या काळात त्यांनी हजारावर कार्यक्रम केले आणि बहुतेक ठिकाणी तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवलं. कोणत्याही वयाच्या माणसाला प्रवेश. त्यामुळे दारूच्या गुत्त्यांऐवजी चर्चचे हॉल, कम्युनिटी सेंटरं अशा जागाही चालायच्या. दौरे स्वतः ठरवायचे, व्हॅनमधून जायचं, नावाचे टी-शर्टसुद्धा विकायचे नाहीत. त्यांच्यातल्या इयन मकाय यांनी मित्राबरोबर १९८० मध्येच स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली होती. मी विचारलं, "मग त्यांचं पोट कसं भरायचं?" तो म्हणाला, "आई, पाच डॉलरमधले मधल्या माणसाने खाल्ले नाहीत तर पुष्कळ उरतात." सतरा वर्षांच्या मुलाने हिशेब किती नेमका मांडला! तिकीट छोटं असूनही बिदागी मोठी असू शकते, मधलं अंतर कमी केलं तर.

या गोष्टीचा परिणाम म्हणा किंवा गिरगावचा, २००४ पासून आम्ही चार-पाच कुटुंबांनी मिळून घरगुती बैठकी सुरू केल्या. आमचं बेसमेंट, भाड्याचे स्पीकर, पॉटलक. आता इथे मला एक कबुली द्यायची आहे. खरं तर त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

२००८ मध्ये पुण्याकडचे एक गायक दौऱ्यावर आले होते. मधला शनिवार रिकामा होता. आम्ही विचारलं, तर ते सौजन्याने म्हणाले, "जे जमेल ते द्या." अठ्ठावन्न लोक आले. पंधरा डॉलर प्रत्येकी. गाणं असं रंगलं की भैरवीनंतर पाच मिनिटं कुणी उठेना. मग श्रीखंड-पुरीचं जेवण झालं. सगळे म्हणाले, "याला म्हणतात बैठक! नाहीतर ते मोठे कार्यक्रम, नुसता बाजार." मला फार अभिमान वाटला.

रात्री एक वाजता आमचे खजिनदार, म्हणजे हेच, जेवणाच्या टेबलावर हिशेब मांडून बसले. जमा आठशे सत्तर. पॉटलक ऐनवेळी रद्द करून जेवण बाहेरून मागवलं होतं, त्याचे चारशे दहा. स्पीकरचं भाडं एकशे दहा. विमानभाड्यातला आमचा वाटा दीडशे. उरले दोनशे. गायक, तबलजी आणि पेटीवाले, तिघांत मिळून दोनशे डॉलर. आम्ही ते पाकिटात घातले, पाकिटाला हळदीकुंकू लावलं, वर रुपयाचं नाणं ठेवलं, आणि गायकांच्या हातात दिलं. त्यांनी ते कपाळाला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तबलजी चहा घेता घेता म्हणाले, "वहिनी, पुढचे दोन दिवस मोकळेच आहेत. इकडे कुणाच्या मुलांना तबला शिकायचा असला तर बघा ना. तासाचं काय असेल ते." आणि मग, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून असेल, लगेच पुढे म्हणाले, "कालचं जेवण मात्र फार सुरेख होतं हं!"

ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. जेवण सुरेख असणारच. गाण्याच्या दुप्पट पैसे आम्ही श्रीखंडावर खर्च केले होते.

मोठ्या कंपनीवर माझा आरोप काय होता? श्रोत्याने दिलेले पैसे मध्येच कुठेतरी जिरतात. मग आमच्याकडे काय झालं होतं? आमच्याकडे ते आमच्याच पोटात जिरले! कंपनी निदान करार करते, आकडा लिहिते, ठरल्या दिवशी चेक देते. आम्ही प्रेम दिलं, हार घातला, आग्रह करकरून वाढलं, आणि आकडा विचारणं असभ्यपणाचं वाटेल असं वातावरण तयार केलं. 'जे जमेल ते' हे कलाकाराचं सौजन्य आम्ही सवलत म्हणून वापरलं. तेव्हा लक्षात आलं, की स्वस्त गाणं ही आपोआप चांगली गोष्ट होत नाही. ते कुणाच्या जिवावर स्वस्त आहे, हे विचारावंच लागतं.

यात आणखी एक गाठ आहे. बॉमोल आणि बोवेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये दाखवून दिलं, की कारखान्यात यंत्रं येतात आणि तेवढ्याच माणसांकडून दुप्पट माल निघतो, पण जिवंत संगीताचं तसं नसतं. चार वादकांची रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी चार माणसं आणि जेवढा वेळ लागे, तेवढीच माणसं आणि तेवढाच वेळ आजही लागतो. आपल्या भाषेत सांगायचं, तर विलंबित एकतालाच्या बारा मात्रा घाई करून उरकता येत नाहीत. बाकी जगाचे पगार वाढतात, घरभाडं वाढतं, म्हणून गाणं महाग होत जाणार. कुणीतरी तो फरक भरतो. राजाने भरला, वर्गणीने भरला, प्रायोजकाने भरला. कुणीच भरला नाही तर तो तबलजी भरतो, आणि आपण त्याला 'कलेची सेवा' असं गोड नाव देतो.

त्या रात्रीनंतर आम्ही काही गोष्टी बदलल्या. बिदागी आधी ठरवायची आणि साथीदारांची वेगळी, त्यांच्याच हातात द्यायची. कार्यक्रमाला लोक कमी आले तर खड्डा आम्ही भरायचा, कलाकारांनी नाही. जेवण नाही, मध्यंतरात फक्त चहा आणि चिवडा. पुढच्या रांगा कुणासाठी राखायच्या नाहीत, ज्याचे गुडघे दुखतात त्याला खुर्ची. विद्यार्थ्याला किंवा ज्याला सध्या जमत नाही त्याला प्रश्न न विचारता आत घ्यायचं. आणि मध्यंतरात जमाखर्च मोठ्याने वाचायचा. पहिल्यांदा वाचला तेव्हा शांतता पसरली. मग एका आजोबांनी उठून पेटीपाशी वीस डॉलर ठेवले, आणि त्यांच्यामागे रांग लागली. लोक कंजूस नसतात हो, त्यांना माहीत नसतं.

सगळं गोडच झालं असं नाही. जेवण बंद केल्यावर गर्दी निम्म्यावर आली. एका बर्फाच्या रात्री अकरा श्रोते होते आणि तीनशे डॉलर आम्ही दोघांनी घातले. शिवाय हेही मान्य करायला हवं, की भारतातून कलाकार आणायचे तर पी-३ व्हिसाचा अर्ज, वकील, विमानं हा सगळा व्याप मोठ्या संस्थाच करतात. आम्ही त्यांच्या दौऱ्यातला एखादा रिकामा शनिवार उचलतो. मोठ्यांना नावं ठेवून त्यांच्याच सावलीत बसण्यासारखं आहे हे.

दुसरा टोला मला एका बाईंनी दिला. त्या गावात नवीन होत्या. त्या म्हणाल्या, "तुमची बैठक छान असते असं ऐकलं, पण मला कुणी बोलावलंच नाही. त्या मोठ्या कार्यक्रमाचं निदान तिकीट तरी काढता आलं." मी निरुत्तर झाले. पैशाची गाळणी आम्ही काढून टाकली आणि ओळखीची गाळणी बसवली. म्हणजे तो दरबारच की, फक्त बेसमेंटमधला! पलुसकरांनी सव्वाशे वर्षांपूर्वी मोडलेला दरवाजा आम्ही पुन्हा लावून घेतला होता. तेव्हापासून बैठक कम्युनिटी सेंटरच्या खोलीत होते आणि तिची सूचना वाण्याच्या दुकानातही लागते. आता शेजारचे एक अमेरिकन निवृत्त शिक्षक नेमाने येतात आणि सम आली की आमच्यापेक्षा आधी मान हलवतात.

तर मंडळी, मोठ्या कार्यक्रमांना जाऊ नका असं मी म्हणत नाही. मीही जाईन, नातीला आवडणारी गायिका आली तर नक्कीच जाईन. पण वर्षाला अशा एका रजनीला घरटी जेवढे डॉलर आपण घालतो, तेवढ्यात छोट्या बैठकींचा अख्खा मोसम होतो. या देशात जन्मलेली आपली कितीतरी मुलं आता उत्तम गातात, वाजवतात. आपण त्यांना गणेशोत्सवात दहा मिनिटं देतो, टाळ्या देतो आणि प्रशस्तिपत्रक देतो. त्यांनाही बिदागी द्या. रक्कम छोटी असली तरी चालेल, पण ती आधी ठरवा. गाणं हे काम आहे आणि त्याला मोल आहे, हे त्या पाकिटातून मुलाला कळेल, आणि त्या निमित्ताने आपल्यालाही.

त्या तबलजींना मी २०११ मध्ये पुण्यात भेटले. २००८ च्या बैठकीची त्यांची राहिलेली बिदागी घेऊन गेले होते. ते घेईनात. म्हणाले, "वहिनी, ते तर तेव्हाच फिटलं." मी म्हटलं, "तुमचं फिटलं असेल, आमचं नाही." तेव्हा त्यांनी पाकीट घेतलं, कपाळाला लावलं आणि आत जाऊन आपल्या मुलीच्या हातात दिलं.